तात्यांची जिप्सी आणि तीनशे बारा पत्रिका

संक्रांतीनंतरच्या त्या रविवारी साताऱ्यात विशेष असं काही घडलं नाही. गोडोलीतल्या साबळ्यांच्या घरी आईने वांग्याचं भरीत केलं. शेजारच्या नानासोंनी नगरपालिकेला त्या महिन्यातला चौथा तक्रार अर्ज लिहिला. आणि हवालदार आकाराम साबळे, वय बहात्तर, यांनी आपल्या जिप्सीत शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट बसवला. साबळे दोनदा निवृत्त झाले होते, एकदा सैन्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून आणि एकदा सांगलीच्या आयटीआयमधून. तिसऱ्यांदा निवृत्त व्हायचा त्यांचा विचार नव्हता.

त्यांना घरात तात्या म्हणत. शाफ्टाचं खूळ त्यांच्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात शिरलं. पुतण्या विश्वजित आपल्या नव्याकोऱ्या, म्हशीएवढ्या गाडीतून त्यांना मागे टाकून गेला. मागे टाकलं त्याचं तात्यांना काही वाटलं नाही. पण जाताना त्याने काच खाली करून हात केला. टाटा करतात तसा. तात्या घरी आले, पाय धुतले आणि म्हणाले, "जिप्सीचा दम वाढवाया पायजे."

पुढची दोन वर्षं त्या घरात जेवताना दुसरा विषय निघाला नाही. कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे तात्या आमटीच्या पळीने समजावून सांगत. शाफ्ट फिरतो, त्याच्यावरचे उंचवटे इंजिनाच्या झडपा उघडतात. उंचवटा मोठा असला की झडप जास्त उघडते, जास्त वेळ उघडी राहते आणि इंजिन जास्त हवा ओढतं. "मोठी पळी, जास्त आमटी," असं म्हणून ते पळी हवेत फिरवत आणि आई ताट बाजूला ओढून घेई. "सत्तरी झाली की माणसं चारधामला जात्यात," आई म्हणे. "त्यासाठीबी गाडी लागती," तात्या म्हणत. शेवटी कोइमतूरच्या एका कारखान्यातून, लाकडी खोक्यात, सरकीच्या भुशात, एखाद्या बाळासारखा गुंडाळून तो शाफ्ट आला.

त्यांची मुलगी शिवांजली सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. दुपारी ती सोप्यात वाचत बसलेली असताना अंगणात जिप्सी सुरू झाली. आवाज नेहमीचा नव्हता. दौडायला निघालेला घोडा कुणीतरी लगाम खेचून धरावा तसं इंजिन उसळत होतं. मधेच थांबेलसं वाटे, पुन्हा उसळी घेई.

"शिवा, ये की. आवाज ऐक."

ती पुस्तकात बोट ठेवून दारापर्यंत गेली. तात्या बॉनेटवर वाकले होते. कपाळावर तेलाचा पट्टा होता आणि चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा.

"कसा वाटतोय?"

"ठीक आहे, तात्या," ती म्हणाली.

त्या घरात कौतुक करायची पद्धत नव्हती. तात्या स्वतः कधी 'बरं हाय'च्या पुढे गेले नव्हते. पोरगी विद्यापीठात दुसरी आली तेव्हाही 'बरं हाय'वर भागलं होतं. त्यामुळे 'ठीक' ऐकून त्यांनी अहवाल मिळाल्यासारखी मान हलवली. "आज निसता जीव आलाय. उद्या ट्यूनिंग करून शिस्त लावतो," म्हणाले. ती परत पानावर आली.

सोमवारी सकाळी, चहा निवायच्या आत, तात्या गेले. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

जिप्सी अंगणातच राहिली. सुरू होई, पण पायाखालचा ॲक्सिलरेटर सोडला की दोन आचके देऊन बंद पडे. तेराव्यानंतर सल्ले यायला लागले. नानासो जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते गडग्यावर दोन्ही कोपरं टेकवून मुद्देसूद सल्ला देत.

"मुद्दा एक, गाडीची नोंदणी मार्चअखेर संपतीय. मुद्दा दोन, ती वहिनींच्या नावावर व्हायला पायजे. मुद्दा तीन, त्यासाठी गाडी पास व्हायला पायजे. मुद्दा चार, ती अशी घोड्यागत उसळत असंल तर पास होणार न्हाई. मुद्दा पाच..."

"पाचवा काय?"

"पाचवा इचार करून सांगतो."

पाचवा मुद्दा विश्वजितने सांगितला. तो खरंच भला माणूस होता. तात्यांना हात केल्याचं त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं. "जुना शाफ्ट काकांनी धोतराच्या फडक्यात तेल लावून ठेवलाय कपाटात. तो परत टाकू, गाडी पहिल्यासारखी होईल. न्हाईतर मार्चनंतर भंगारच की ताई."

म्हणणं बिनतोड होतं. अडचण एवढीच की तो शाफ्ट हे तात्यांच्या हातचं शेवटचं काम होतं, आणि ते अर्धं राहिलं होतं. ते पुरं करायचं सोडून उचकटून काढायचं, ही कल्पनाच शिवांजलीला सहन होईना.

"आहे तोच शाफ्ट राहील," ती म्हणाली. "गाडी त्याच्यावरच पास होईल."

आईने तिच्याकडे पाहिलं. "तुला बॉनेट उघडाया येतं का?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

पहिली पायरी म्हणजे पीयूसी. हमरस्त्याच्या कडेला एका टपरीत मशीन होतं आणि मशीनमागे एक जाडजूड, शांत गृहस्थ. त्याने नळी सायलेन्सरमध्ये घातली, आकडा पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला.

"ताई, पंधराशेच्या आत लागतंय. हितं तीन हजार एकशे हाय. गाडी आजारी हाय का रागावलीया?"

"ट्यूनिंग राहिलंय."

"मग असं करू. नळी माझ्या स्कूटरला लावतो, फोटू तुमच्या गाडीचा काढतो. दोन मिन्टात पास."

शिवांजलीने आयुष्यात ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवसही उशिरा परत केलं नव्हतं. ती ताठ उभी राहिली. "नको. ही गाडी तिच्या स्वतःच्या श्वासावर पास झाली पाहिजे."

वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की हे गणेशोत्सवातल्या नाटकात शोभलं असतं. रांगेत मागे असलेला रिक्षावाला मनापासून "व्वा!" म्हणाला. तिने अजिबात मागे न बघता गाडी सुरू केली. गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा पडली. स्वाभिमानाने निघून जायला तिला सात मिनिटं लागली, आणि शेवटची दोन मिनिटं तो रिक्षावालाच ढकलत होता.

मग परिवहन कार्यालय. नाव बदलण्याच्या अर्जात एक ओळ होती, 'वाहनात काही बदल केला आहे काय?' तिने 'होय' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज हातात घेतला आणि त्यांचा चेहरा काळजीने भरून आला.

"आवो मॅडम, तिथं 'होय' कोण लिहितं का?"

"पण केलाय बदल."

"काय केलाय? टप काढलाय? रंग?"

"कॅमशाफ्ट बदललाय." बाईंना कळेना, तेव्हा शिवांजलीने समोरची स्टॅम्पची दांडी उचलली आणि हवेत फिरवली. "हा उंचवटा समजा. हा फिरला की झडप उघडते. मोठी पळी, जास्त आमटी." मागची रांग माना उंचावून बघायला लागली. दांडी खाली ठेवताना तिला जाणवलं की आपण मनगट अगदी तात्यांसारखं वळवलं.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी दोन जाड पुस्तकं चाळली आणि निकाल दिला. "इंजिनाचा नंबर तोच आहे. आतल्या या पार्टसाठी आपल्याकडे कॉलम नाही. कॉलम नाही, म्हणजे बदल नाही. तुम्ही 'नाही' लिहा आणि पीयूसी घेऊन या."

"पण हे खोटं—"

"मॅडम," साहेब मऊ आवाजात म्हणाले, "कॉलम आला की मी स्वतः तुम्हाला फोन करीन."

आता एकच माणूस उरला होता. आयटीआयमध्ये तात्यांच्या पहिल्या तुकडीत शिकलेला हरिबा. स्वतःही आता पन्नाशी ओलांडलेला. माधवनगरला, बंद पडलेल्या एका मिलच्या भिंतीला टेकून त्याची शेड होती. फोनवर तो म्हणाला, "ट्रकवर घालून आणू नगा ताई. मास्तरांची गाडी चालत आली पायजे."

सातारा ते सांगली हे अंतर सरळ माणसाला अडीच तासांचं आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून न उचलता ते पाच तासांचं होतं. शेजारी आई बसली होती, मांडीवर धपाट्यांचा डबा. रीत अशी की गाडी थांबवायची असेल तेव्हा एका पायाने ब्रेक धरायचा आणि त्याच पायाच्या टाचेने इंजिन गुरगुरत ठेवायचं. ही युक्ती शिवांजलीला तात्यांनी पंचविसाव्या वर्षी शिकवली होती आणि तिने 'कशाला लागणार आहे' म्हणून नीट शिकून घेतली नव्हती.

पेठ नाक्यावर वरातीची एक गाडी शेजारी आली. जिप्सीचं गुरगुरणं ऐकून आतल्या फेटेवाल्या पोरांना वाटलं, या चष्मेवाल्या बाई शर्यतीला बोलावताहेत. त्यांनीही गाडी गुरगुरवली. शिवांजलीने, ग्रंथालयात चढ्या आवाजात बोलणाऱ्यांकडे टाकते तसा कटाक्ष त्यांच्याकडे टाकला. पोरांनी तो आव्हान म्हणून स्वीकारला. नवरदेवाने फेटा काढून हलवला.

आष्ट्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चौक अडवून उभा होता. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "आवं ताई, गुरगुरताय कशापायी? लय घाई हाय व्हय?"

आईने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "न्हाई रं बाबा! थांबली की मरती ती! माझ्या मालकानं मोठा शाफ्ट घातलाय!"

"काय घातलंय?"

"कॅमशाफ्ट! मोठी पळी!"

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने इंजिनाला कान लावला, डोळे मिटले. मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंची वाहतूक अडवली आणि जिप्सीला वाट करून दिली. "काकी," जाताना तो म्हणाला, "मालक जाणता हाय तुमचा."

"व्हता," आई म्हणाली आणि डब्यावरचा हात घट्ट केला. मग आष्टा मागे पडल्यावर म्हणाली, "तरी मी म्हनायची, आमटी सांडतीया."

हरिबाने बॉनेट उघडायच्या आधी चपला काढल्या. आत दिवा धरून तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. "ह्या खुणा बघा ताई. एका दाताचाबी फरक न्हाई. बहात्तराव्या वर्षी, एकट्यानं, अंगणात! आमच्या हितं मशीन लावून असलं बसत न्हाई." शिवांजलीला काय बघायचं ते कळलं नाही, पण तिने बघितलं.

दोन दिवस हरिबाने त्याला येईल तेवढं सगळं केलं. ठिणगीची वेळ कानाने जुळवली, कार्बोरेटरचे स्क्रू केसाच्या अंतराने फिरवले. झडपांच्या वर टॅपेट असतात, त्यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. ती कारखान्याच्या कागदावर लिहिली होती तितकी ठेवली. इंजिन पुष्कळ शांत झालं. आकडा आला एकोणीसशे. पुढे मात्र एक पाऊल हटेना.

"एवढ्यावर मास्तर थांबलं नसतं," हरिबा ओशाळून म्हणाला. "कायतरी त्यांच्या डोक्यात व्हतं, ते आपल्याला घावंना."

"त्यांची वही बघितली का?" धपाटं मोडत आई म्हणाली. "शिटाखाली असती की."

लांबट, खाकी पुठ्ठ्याची वही निघाली. शेवटच्या पानावर रविवारची तारीख आणि तात्यांचं टपोरं अक्षर. शिवांजलीने मोठ्याने वाचलं. "शाफ्ट बसला. टायमिंग बरोबर. टॅपेट उद्या, गरम इंजिनावर. कंपनी म्हणते ०.२०. कंपनीला आपली जिप्सी माहीत नाही. फट वाढवावी, झडप उशिरा उघडेल, लवकर मिटेल, इंजिन शांत राहील. इनलेट, पाटील बारसे. एक्झॉस्ट, शिवांजली."

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती तिने मनातच वाचली. 'आवाज – शिवा म्हणते ठीक आहे.'

वही तिने हरिबाच्या हातात दिली आणि पाणी प्यायला गेली.

परत आली तेव्हा हरिबा मांडीवर थाप मारत होता. "आवं, पत्रिका! मास्तर पत्रिकेनंच लावायचे!"

फट मोजायला पोलादी पट्ट्यांचं गेज असतं. तात्यांचं सरकारी होतं. सैन्यातून निवृत्त होताना त्यांनी ते सही करून परत केलं, आणि त्यानंतर दुसरं घेतलं नाही. पोलाद बोटाला काही सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी घरी येणारी प्रत्येक आमंत्रणपत्रिका ते आधी मायक्रोमीटरने मोजत, मग वाचत. कुणाचं लग्न, कुठे, हे नंतर. कोपऱ्यात पेन्सिलीने जाडी लिहून ती ट्रंकेत जाई. आयटीआयमध्ये पोरांना गेजने शिकवायचे आणि तास संपल्यावर पत्रिकेने. "माझ्या लग्नाची दिली," हरिबा म्हणाला, "तर म्हनले, पातळ हाय गड्या, मोपेडलाच चालंल."

"म्हणजे ट्रंक आणली की झालं," शिवांजली म्हणाली.

आईने धपाटं खाली ठेवलं. "ट्रंकेतल्या पत्रिका मी नानासोंकडं दिल्या. गणपतीची चित्रं असत्यात, कचऱ्यात कशा टाकायच्या? म्हनलं, माहुलीला संगमावर सोडा."

नानासोंना फोन लागला. प्रश्न ऐकून त्यांनी दोनदा घसा खाकरला.

"विसर्जन," नानासो म्हणाले, "प्रक्रियेत आहे."

"म्हणजे केलं नाही?"

"त्याचं असं आहे बाळ. मागची बाजू कोरी. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली, एकपाठी कागद नदीत टाकायचा म्हणजे... अर्जांच्या कच्च्या खर्ड्यांना मी त्या वापरतोय. आजवर फक्त एकोणीस झाल्या."

दुसऱ्या दिवशी नानासो स्वतः एसटीने आले, खताच्या पिशवीत तीनशे बारा पत्रिका घेऊन. उतरल्या उतरल्या त्यांनी शेडची पाहणी केली आणि दोन मुद्दे मांडले. पत्रिका बाकड्यावर पसरल्या. पस्तीस वर्षांतली सगळी लग्नं, बारशी, वास्तुशांती, प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा आकडा. पाटलांच्या नातवाचं बारसं सापडलं. त्याच्या पाठीवर मोकाट कुत्र्यांविषयीचा तातडीचा अर्ज होता. हरिबाने मोजलं, पंचवीस शतांश मिलिमीटर. "शाईनं जाडी वाढली न्हाई, नशीब तुमचं."

शिवांजलीची पत्रिका मात्र नव्हती. तीनशे बारा पत्रिका तिघांनी दोनदा पाहिल्या. तिसऱ्यांदा ती एकटीच बघत होती.

सांगलीला घरी जाऊन तिने कपाटातली एक शिल्लक प्रत आणली. नवरा शौनक वाईच्या देशस्थांचा. लग्न नोंदणी पद्धतीने झालं, पंधरा वर्षांपूर्वी. दोघांनाही पुस्तकांचं वेड, त्यामुळे पत्रिका हातकागदावर छापली होती. गणपती नाही, मुहूर्त नाही, फक्त चार ओळी. सगळा गाव त्यावर बोलला. तात्यांनी मात्र ती चिमटीत धरली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जाड हाय." बस्स. लग्नाला आले, पंगतीत वाढप केलं, एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. पण 'जाड हाय' हे दोन शब्द शिवांजलीने पंधरा वर्षं मनात जपले होते, पायात रुतलेला काटा जपावा तसे. तिला वाटायचं, ते पत्रिकेबद्दल नव्हतंच.

हरिबाने मायक्रोमीटर लावला आणि डोकं खाजवलं. "सेहेचाळीस शतांश. ताई, एवढ्या फटीतनं झडपच काय, मीबी जाईन."

"तात्यांनी चुकून लिहिलं असेल," शिवांजली म्हणाली. आवाज तिने व्यवस्थित सांभाळला. नानासोंनीही, आयुष्यात पहिल्यांदाच, मुद्दा मांडला नाही.

आई चहाचे कप घेऊन आली. "काय हुडकताय?"

"माझी पत्रिका, आई. तात्यांची होती ती."

"मग ती हितं कशी घावंल?" आईने कप ठेवले, जिप्सीच्या ड्रायव्हरच्या डोक्यावरची उन्हाची झापड खाली ओढली आणि तिच्यामागून प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. "कायम हितंच असती."

"सकाळपासून का नाही सांगितलं?"

"मला कुनी इचारलं? तुमी सगळी शिकल्याली. मला वाटलं, मोजताय कायतरी."

पत्रिका ओळखू येत नव्हती. तेल पिऊन तांबूस काळी झालेली, कडा विरलेल्या, मधोमध अंगठ्याच्या आकाराची झीज. चार ओळींतल्या तीन पुसल्या होत्या. शिवांजली हे नाव तेवढं शिल्लक होतं. पाठीवर पेन्सिलीने, एकाखाली एक, तारखा, जाडीचे आकडे आणि इंजिनांची नावं. हरिबाने त्या उजेडाकडे धरून वाचल्या.

"पहिल्या साली ०.४६, आप्पासोंचा ट्रॅक्टर. चार वर्षांनी ०.४१, कारखान्याचा ट्रक. मग ०.३७, खंडाळ्याची पाण्याची मोटर. मग ०.३४..." त्याने खाली बोट नेलं. "ह्या जानेवारीत, ०.३०. जिप्सी, नवा शाफ्ट."

हातकागद वापरून वापरून दबत जातो, एवढं शिवांजलीला पुस्तकांमुळे माहीत होतं. दरवर्षी पत्रिका झिजत गेली, आणि तात्या दरवर्षी तिला बसेल असं इंजिन शोधत गेले.

"माझी तर मोपेडवरच संपली की ओ," हरिबा म्हणाला आणि बाहीने नाक पुसलं. मग एकदम जोरात, "इंजिन गरम करा!"

आठ टॅपेट लावायला त्याला दीड तास लागला. हवा आत घेणाऱ्या इनलेट झडपांना बारसं, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला लग्न. शेवटची दोन त्याने शिवांजलीला लावायला दिली. पत्रिका फटीत सरकवून ती हळूच ओढायची. अडली पाहिजे, पण अडकता कामा नये. पोलाद खरंच काही सांगत नाही, कागद सांगतो. हरिबाने झाकण बसवलं, कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि तिला म्हणाला, "आता पाय काढा."

तिने महिनाभरात पहिल्यांदा पाय काढला. इंजिन एकदा उसळलं, मग जागीच, एका तालात घुमायला लागलं. घोडा होता तोच, फक्त धनी ओळखल्यावर उभा राहतो तसा उभा.

साताऱ्याच्या त्याच टपरीत पीयूसीवाल्याने नळी घातली. तेराशे चाळीस. नानासोंनी तो कागद चार ठिकाणी तपासला आणि त्यांना चूक काढता आली नाही, हे त्यांनी थोडं नाराजीने कबूल केलं. मार्चच्या सत्तावीस तारखेला गाडी पास झाली. साहेब स्वतः खाली आले, इंजिन ऐकलं आणि म्हणाले, "कॉलम असायला हवा होता." त्याच दुपारी शिवांजलीने आईला घेऊन खंबाटकी चढला. विश्वजितची गाडी दिसली नाही. पण आईने काच खाली करून एका अनोळखी, म्हशीएवढ्या गाडीला मागे टाकताना व्यवस्थित हात केला.

घरी आल्यावर आई पाय धुवायला आत गेली. गडग्यावर नानासोंची कोपरं नव्हती. शिवांजलीने अंगणात बॉनेट उघडलं, आता ते तिला येत होतं, आणि इंजिन सुरूच ठेवलं. तात्यांचं लोखंडी स्टूल बाजूलाच होतं. तिने वही काढली, शेवटचं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. लिहिणं तिला आयुष्यभर सोपं गेलं होतं. 'शिवा म्हणते' याच्यापुढचे दोन शब्द खोडायचे आणि दुसरे लिहायचे, एवढंच काम.

पेन तसंच राहिलं. तिने वही मिटली आणि स्टुलाकडे बघून, इंजिनाच्या वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तात्या, ठीक नाही. सुंदर आहे आवाज. त्या रविवारीपण सुंदरच होता."